गरम नळाचं थंड पाणी

शुक्रवारी सकाळी नऊ ते साडेदहा
सोहारजवळ, फलज अल कबाइलमधल्या आमच्या हॉलात
मराठीची शाळा भरते.
सोफा भिंतीला लावायचा, टीपॉय बाल्कनीत,
दाराबाहेर चपलांचे अकरा जोड.
आज दहाच. निहिराला कांजिण्या आल्यात.

पुस्तकं कुणाच्या तरी काकूंच्या बॅगेतून आली,
लोणच्याच्या बरणीला टेकून.
त्यामुळे हेमंत ऋतूवर तेलाचा डाग आहे
आणि शिशिराला मोहरीचा वास.

मी कार्डपेपरचं झाड केलं होतं, सहा फांद्यांचं.
फांदीला ऋतू, पानावर शब्द,
मुलांनी लिहायचं आणि डकवायचं.
रात्री बारापर्यंत पानं कापत बसले.
नवरा म्हणाला, अख्ख्या गावात एवढी पानं नसतील.

वसंताला कुणी हात लावेना.
'ग्रीष्म' लिहिताना ष पुसून श, श पुसून परत ष,
तनिष्कचा कागद फाटला.
शरदाचं चांदणं विचारलं, तर आफिया परकार म्हणाली,
रात्री रिफायनरीच्या बाजूला
आभाळ पिवळं दिसतं, ते का, बाई?

मग म्हटलं, राहू देत फांद्या.
ऋतू बदलला हे तुम्हाला कशावरून कळतं?
एक ओळ लिहा. ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघू.

हॉल एकदम गप्प झाला.
फक्त एसी, आणि पेन्सिली.

'धुकं आलं. बस उशिरा. मज्जा.'

'गाडीवर धूळ बसली की मी बोटाने माझं नाव लिहितो.
बाबा म्हणतात चरे पडतात.'

'हमूदच्या घरून खजूर येतो. अर्धा पिवळा कडक,
अर्धा तपकिरी मऊ. मी मऊ बाजू आधी खाते.'

आफियाची ओळ लांबली, मागच्या पानावर गेली:
'उन्हाळ्यात साडेबारा ते साडेतीन अब्बांचं काम बंद असतं.
ते कंटेनरच्या सावलीत झोपतात.
झोपायच्या आधी मला फोन करतात.
थंडीत नाही करत.'

आणि शौनकनं लिहिलं:
'उन्हाळा म्हणजे गरम नळाला थंड पाणी.'

मी लाल पेन उचललं.
दोन शब्दांची अदलाबदल करणारा बाण काढला.
तो म्हणाला, नाही बाई,
थंड नळाचं पाणी गच्चीच्या टाकीतून येतं, ते भाजतं.
गरम नळाचं गीझरमध्ये थांबलेलं असतं,
आत, सावलीत.
आणि गीझर तर आपण बंदच ठेवतो ना?

आठ वर्षं झाली.
मे लागला की मीही लाल ठिपक्याचाच नळ सोडते आंघोळीला,
साबण डोळ्यांत असताना हातसुद्धा चुकत नाही.
पण हे वाक्य
माझ्या कुठल्याच वहीत नाही.
बाणाखाली मी 'बरोबर' लिहिलं.
तेही लालच उमटलं.

अजून वीस मिनिटं होती.
बाल्कनीच्या काचेला घाम आला होता, बाहेरून.
इथे जूनमध्ये काचांना बाहेरूनच घाम येतो.
म्हटलं, जा, आपापला शब्द काचेवर काढा.
दहाही जण बाहेर पळाले,
दोघं टीपॉयवर चढले, मी बघितलं नाही असं केलं.

आत मी एकटी.
समोर धुकं, धूळ, खजूर, अब्बा, नळ,
सगळं उलटं, उजवीकडून डावीकडे
खालच्या बकाल्याच्या पाटीसारखं.
पहिलीतल्या पोरासारखी
एकेका अक्षराखाली बोट फिरवत मी वाचू लागले.
माझं बोट कोरड्या बाजूला.
'ळ' कळायला सगळ्यांत वेळ लागला,
आणि कळला तोवर ओघळून गेला होता.

सव्वादहाला ऊन या बाजूला वळलं. काच स्वच्छ झाली.

निहिराची ओळ तिच्या आईच्या फोनवरून आली:
'खाज. हा पण ऋतू असतो का?'

हिरव्या पानावर तसंच लिहिलं
आणि वसंताच्या फांदीवर डकवलं.
तीच मोकळी होती.