खरखर

आठ मिलिमीटर की साडेआठ?
काउंटरवरचा ड्वाइट दोन्ही खोकी पुढे सरकवतो.
कार्ला तार बोटाभोवती वाकवून बघते:
सिलिकॉनचं साल, आत बारीक वेटोळं,
टोप्या काटकोनी, कारण हेडरच्या पाइपांनी
गेल्या उन्हाळ्यात तिसरीची टोपी वितळवली.

काल रात्री गॅरेजचा दिवा मालवून
तिनं इंजिन चालू ठेवलं होतं.
जुन्या तारांतून निळी वीज पाझरत होती,
पाचवी सातवीच्या कानाला लागली होती
आणि सातवी वेळेआधीच पेटत होती.

तांब्याच्या त्या तारा रेइनोच्या.
"विजेला अडवायचं कशाला?" म्हणायचा.
गाडी ब्यूटच्या चढाला लागली
की स्वयंपाकघरात आइलीच्या रेडिओला खरखर सुटायची,
बातम्या बुडायच्या, तांब्याचा भाव बुडायचा,
आणि आई काही न बोलता
सूपखालचा गॅस मोठा करायची.

"रेडिओ आहे?" ड्वाइट विचारतो.
"गाडीत नाही."
शनिवारी पाव मैल, बारा सेकंदांच्या आत यायचंय.
ती साडेआठच्या घेते. आवाज गिळणाऱ्या.
लाल नकोत, काळ्या.

पाचवी आणि सातवी लांब लांब नेऊन बसवल्या,
मध्ये प्लास्टिकचा फणा.
इंजिन पहिल्याच किल्लीला धरतं, आठही एका सुरात.

वर रेडिओ अगदी स्वच्छ:
हेलेनाला बर्फ, घाटात धुकं.
आइली बटण फिरवते,
थोडं मागे आणते,
आणि दोन स्टेशनांच्या मधे
नुसतंच ठेवून देते.