शेऱ्याचा रकाना

तीस सेंटिमीटरच्या वर घेर असेल
तरच ते झाड.
त्याखालचं सगळं 'इतर'.
वाळपईच्या ऑफिसात मला एवढंच शिकवलं,
आणि हातात दिली एक टेप, एक कोयता,
लाल रंगाचा डबा.
रोजचे साडेसहाशे.

माघ महिना. राईतला ओहोळ
खडकाआडून तोंड लपवत चाललेला.
तारांची वाट जिथून जाणार होती
तिथली झाडं मी मोजत होतो.
नंबर नीट उमटायला खोड गुळगुळीत लागतं
म्हणून आधी कोयत्याच्या पाठीने खरवडायचं
शेवाळ, दगडफूल, जे काय चिकटलं असेल ते.
बुटांवर खपल्या पडायच्या.

दगडफूल मला मसाल्याच्या डब्यातून ठाऊक,
झाडावर पहिल्यांदाच पाहत होतो.
ना दगड, ना फूल.
बुरशीने भिंती घातल्या, शैवालाने चूल मांडली,
असा दोघांचा संसार, आठ आण्याएवढा.
त्या आठ आण्यांना तीस-तीस वर्षं लागतात
हे मला नंतर कळलं.
तोवर अकराशे बेचाळीस खोडं
साफ करून झाली होती.

अकराशे त्रेचाळीसला बाशिंग होतं.
म्हणजे नेचा, वाळून तपकिरी, पापडासारखा,
नेमका झाडाच्या गुडघ्यावर.
मी हसलो. म्हटलं, हा बघा उतावळा नवरा.
मागे देऊबाय माजीक उभी होती, काखेत दोरी.
ती नाही हसली.
'घाय कोणाक जाल्या?'
एवढंच विचारलं,
आणि खोडावरच्या काळ्या, चुरगळल्या शेवाळावर
तळवा ठेवला, ताप बघतात तसा.
'मेलां ना तें. न्हिदलां.'
मी तिच्या बोटांशेजारीच
नंबर घातला.

सुनावणी वैशाखात.
पंखा गरम वारा खाली ढकलत होता.
'लेखी काय आणलंय?' साहेबांनी विचारलं.
देऊबायने दुधाच्या पिशवीतून
एक काटकी काढून टेबलावर ठेवली.
पडलेली, तोडलेली नव्हे,
हे तिने दोनदा सांगितलं.
काटकीवर शेवाळ, जळक्या सुतळीसारखं.
मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'बाटली दी.'

मी टेबलाच्या ज्या बाजूला बसलो होतो
तिथून पाणी द्यायची पद्धत नाही.
दिलं.

आधी काहीच झालं नाही.
कोणीतरी खोकलं. एका वकिलाने मोबाइल काढला.
मग एका टोकाला
हिरवं नव्हे, हिरव्याचा नुसता संशय.
मग केसाएवढं एक पान सुटलं, मग दुसरं,
मग सगळीच, झोपेत मूठ उघडणाऱ्या
तान्ह्या पोरासारखी.
खोलीला ओल्या राईचा वास आला.
साडेचार मिनिटं
(मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली)
सरकार गप्प होतं.

पाणी ओघळत नकाशावर गेलं.
तारांची रेघ जराशी फुगली,
कडेने पसरली.
कारकुनाने नोंद केली:
अर्जदाराने टेबल भिजवले.

फाइल पणजीत आहे.
नोकरी सोडली असं लिहिणं बरं दिसलं असतं,
पण मी सोडली नाही, घरी तीन तोंडं आहेत.
फक्त आता खरवडत नाही.
पत्र्याचा तुकडा, त्यावर नंबर,
सैल सुतळीने फांदीला अडकवतो.
दिवसाला वीस झाडं कमी भरतात,
मुकादम बोलतो, मी ऐकून घेतो.

आणि वहीत शेवटी एक रकाना असतो,
शेऱ्याचा. तो रिकामाच ठेवतात सगळे.
परवा जुनी वही काढून
त्यात पहिल्यांदा लिहिलं:

११४३. गुडघ्याला बाशिंग.
घाई नाही.