दरमाणशी

जूनपासून होड्या वर ओढलेल्या, झापांखाली.
सोसायटीच्या फळ्यावर बर्फाचा भाव नाही, डिझेलचा नाही.
मी कारकून. हातात खडू, आणि लिहायला काही नाही.
म्हणून त्या वर्षी बंदीच्या दिवसांत
मी ऑलिम्पिकची पदकं लिहू लागलो.

देश, सोनं, रुपं, कांसं.
वर तेच ते नेहमीचे.
आपण इतके खाली
की नाव लिहायला मला उकिडवं बसावं लागे.

सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावरून उतरवत
जैतून मिरकर म्हणाली,
"ह्या पयल्या घरात खाणारी तोंडं किती?"
मी शोधून सांगितलं.
"मग भाग की. पाटीभर मासळी दोघांत
नि पाटीभर मासळी वीस जणांत,
सारखीच म्हणतोस काय?"

मी चौथा रकाना आखला: दरमाणशी.
एका रात्रीत फळा उलटा झाला.
आपल्या दापोली तालुक्याएवढ्या माणसांचं एक बेट
एका धावणाऱ्या पोरीच्या जिवावर
सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं.
आणि आपण?
आता मला जमिनीवरच बसावं लागलं.

हशा तांडेल खाकरला.
"एक गळ, एक सुरमई.
उद्या गळ रिकामा आला
तर त्याच बेटाला तळाशी घालशील.
एका दिवसाच्या मासळीवर
मी खलाशी पारखीत नाय."

मग जो तो बोलायला लागला.
पर्ससीनची मासळी नि रापणीची मासळी
एकाच काट्यावर कशी?
कुणाचं इंजिन सहा सिलिंडरचं, कुणाचं वल्हं,
आधी पैशानं भागा.
आणि परवाने म्हणे गावाला तीनच होड्यांचे,
गाव हर्णैएवढं असो की चार घरांचं,
मग तोंडं मोजून मोठ्या गावाला का मारता?
पोहणारा एकटा पाच पदकं नेतो,
हॉकीवाले सोळा जण मिळून एक.
ती सोळा की एक?

खडू संपला, भांडण नाही.

खरं तर वाटणी ह्या बंदराला कोण शिकवणार?
डिझेल-बर्फ वजा जाता
तांडेलाला दोन वाटे, खलाशाला एक,
जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा,
आणि गेल्या साली बुडालेल्याच्या बायकोला अर्धा.
तो कुठल्या वहीत नाही.
देतात.

पदकांच्या वहीत असा अर्धा कुठं असतो
मी पुष्कळ शोधलं.

माझी निमा आठशे मीटर धावते.
शाळेला मैदान नाही, म्हणून ओहोटीच्या वाळूत,
कुत्री मागे लागतात तेव्हा जास्तच जोरात.
रत्नागिरीला जिल्ह्यात चौथी आली.
चौथ्याला काही नसतं.
परतीच्या एसटीत मी तिची समजूत काढू लागलो,
पहिल्या तिघींच्या गावात सिंथेटिक ट्रॅक आहे,
त्यांना प्रशिक्षक आहेत, अंडी आहेत,
तुझे मार्क त्यानं भागले तर...

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली,
"बाबा, भागू नका.
गेल्या साली मी अकरावी होते."

एकतीस जुलैला इंजिनं खोकू लागली.
होड्यांना हळद-कुंकू, नव्या दोऱ्या, शिव्या.
मी ओलं फडकं घेऊन फळ्यापुढे गेलो.
सोनं पुसलं, रुपं पुसलं,
बेट पुसलं, आपल्याला पुसलं.

चौथ्या रकान्यात, खूप खाली,
जिथे मी जमिनीवर बसून लिहीत असे, तिथे
बारक्या अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं:
अकरा. मग चार.

देशाचं नाव नव्हतं.
अक्षर मला माहीत आहे.
बर्फाचा भाव मी जरा बाजूला लिहिला.