चौकट

शंभर एमबीपीएस, सहाशे नव्याण्णव.
"फोन नको असेल तर एकशेवीस कमी, काकू,"
अतुल फालक फॉर्म टीपॉयवर सरकवतो.

फैजपुरात आता लँडलाइन वाजते कुणाकडे?
आमच्याकडे वाजते. आठवड्यातून दोनदा,
सकाळी साडेसातला,
निंभोऱ्याचे कुणी झांबरे.
त्यांना हवं असतं केळी ग्रुपचं ऑफिस,
त्याचा शेवटचा आकडा तीन. आमचा आठ.
"काय भाव निंघाला आज?"

वर्षभर म्हटलं, राँग नंबर.
मग एकदा पेपर समोरच होता,
सांगून टाकला रावेरचा भाव.
"बरं," म्हणाले, ठेवला.
तेव्हापासून चष्मा फोनजवळच असतो माझा.
भाव पडला की जरा हळू सांगते.

लेकीचा पुण्याहून मेसेज:
बिनफोनचाच घे गं, काय करायचंय ते डबडं.
बरोबर आहे तिचं.
बोलता बोलता तिचाच चेहरा अडकतो स्क्रीनवर,
घास अर्धा उचललेला,
म्हणून तर हे सगळं.

अतुल पेन देतो.
टिक करायची चौकट तुरीच्या दाण्याएवढी.
झांबऱ्यांचा नंबर माझ्याकडे नाही.
या डबड्यावर तो दिसतही नाही.

"उद्या ये," म्हणते.
"आठनंतर."