स्वल्पविरामापाशी

ग्रिम्सबी. वाचनालयाच्या वरची खोली, मंगळवार, सात.
कितीही धुतले तरी बोटांना कॉड माशाचा वास.
हिलरीबाई फळ्यावर लिहितात:
बर्फ तापवला तर वितळतो.
हे सगळ्यांना येतं. दिवसभर बर्फातच असतात हात.

पाऊस आला तर बस चुकेल. हेही येतं.
मग, मी राजा असतो तर—
इथे 'वॉज' नाही, 'वर'.
"आय वर? मी तर एकटाच," विदास कुरकुरतो.
"खरं नाही ना ते, म्हणून."

तिसरा प्रकार घडून गेलेल्याचा.
सेमहार लिहिते: इफ द बोट हॅड बीन बिगर,
आणि स्वल्पविरामापाशी थांबते.
हीटर टकटक करतो.
"बाई, उरलेलं अर्धं आधी लिहिलं तर?"
"चालेल की. मग स्वल्पविरामही नको."

ती खोडते. एका दमात लिहून काढते:
माझा भाऊ आत्ता माझ्या वहीत बघून उतरवत असता
होडी मोठी असती तर

बाई लाल पेनाचं टोपण काढतात.
बराच वेळ वाचतात दोन ओळी.
शेवटी फक्त पूर्णविराम देतात, म्हणतात,
"आधीचा 'तर' आणि आत्ताचं 'असता'...
हे मी अजून शिकवलंच नव्हतं."