सतरा नंबर

चुन्याची रेघ जिथे डावीकडे वळते
तिथे काटा लालात गेला
आणि बॉनेटच्या फटीतून वाफ सुटली,
मोदकपात्राचं झाकण जरा लवकर उचलल्यासारखी.
मी चावी बंद केली. गाडी
आपल्याच जोरावर थोडी घरंगळली,
वाळक्या गवतात शिरली, थांबली.

हेल्मेटमध्ये माझाच श्वास.
दार उघडलं तर वारा,
सड्याच्या कडेखाली देवगडचा समुद्र,
काचेवर कूलंटचे हिरवे शिंतोडे.

बाकीचे फिरत राहिले.
कुडाळचा दातांचा डॉक्टर, त्याची लाल पोलो.
कणकवलीचे दोन भाऊ, एकाच गाडीत आळीपाळीने.
तहसील कचेरीतला तो मुलगा, जो दर वळणावर कोन पाडतो
आणि दर वेळी हात जोडतो, कोनाला.
जांभ्याची धूळ उठायची, माझ्यावर येऊन बसायची.
जाता जाता प्रत्येक जण अंगठा वर करून विचारी,
मी अंगठा वर करून खोटं सांगे.

नव्याण्णव सालची झेन.
मासळीच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली;
उन्हात तापली की अजून तिला सुके बांगडे आठवतात.
पोस्टात दिवसभर मी शिक्के मारते,
सकाळी तारीख बदलते, शाईची गादी ओली करते.
इथल्या फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात लिहिलं होतं:
तळेरे ते विजयदुर्ग, बावीस वर्षं.

भिवा तारी चालत आला.
ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारा,
आज मेव्हण्याच्या चहाच्या टेबलावर कप विसळायला.
त्याने बॉनेट उचललं, वाकून वास घेतला.
माझा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला तेव्हा
नुसतं म्हणाला,
"रव गे बाये. तापलेल्याक हात लावूचो नाय."

सड्यावर झाड नाही.
गाडीची सावली होती तेवढ्यात बसलो, गुडघे पोटाशी घेऊन.
इंजिन निवताना टिकटिक करत होतं,
पोस्टातल्या घड्याळापेक्षा हळू, मग आणखी हळू.
"दर्यात बंद पडला तर
उतरान ढकलूक येणा नाय," भिवा म्हणाला,
आणि टाच जांभ्यावर दोनदा आपटली.
मला वाटलं, जमिनीबद्दल काही सांगतोय.
चपलेत खडा गेला होता.

मग होजचा फुटका तुकडा कापला,
उरलेला ओढून बसवला,
सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली
आणि वरून जाळ्याचा दोरा,
जाळ्याचीच गाठ. टोक दातांनी तोडलं.
कातळातल्या खळग्यात पावसाचं पाणी उरलेलं,
दिवाळी होऊन गेली तरी.
चहाच्या किटलीने भरलं ते, सात खेपा,
एका बेडकाला दोनदा बाजूला करून.

भोंग्यावरून विचारणा झाली: सतरा नंबर? सतरा नंबर, बाद?
किती साधा शब्द.
मी रोज असे शिक्के मारते, पत्ता अपूर्ण, घर बंद,
आणि पुढचं पाकीट ओढते.
तिथे मात्र हात वर करायला
मला एक अख्खी फेरी लागली, दुसऱ्या कुणाची तरी.

गाडी सुरू झाली. खोकून.
"हीटर फुल्ल घाल," भिवा म्हणाला,
"इंजिनाची ऊब आपण घेवया."
उताराला लागलो, चारी काचा खाली,
पायांवर भट्टी, तोंडावर खारा वारा,
दोघांच्या अंगाला घामाच्या धारा,
त्याच्या मांडीवर पाण्याची किटली, ती परत करायची राहिलेली.
आंब्याच्या कलमांमागून कलमं गेली,
एका गड्याने आमच्याकडे बघून कानटोपी काढली,
बहुधा उकडून.

"दुसरी फेरी एक अठ्ठेचाळीस होती," मी म्हटलं.
अजून कुणाला सांगितलं नव्हतं.
"मिनिटा?"
"होय."
"बरा आसा," भिवा म्हणाला,
काट्यावरची नजर न काढता.