मालाची मोजदाद चालू आहे

औषधाच्या दुकानाच्या दारावर
आई ही पाटी लावायची,
आणि मोजदाद कसली, कुलूप घालून
थेट माझ्या शाळेत यायची, पांढऱ्या कोटावरच.
व्हेनेरा बाईंना सांगायची, हिचा दात काढायचाय.

तिसरी ते सहावी
माझे चाळीसेक दात तरी निघाले असतील.
बाई गंभीरपणे मान हलवायच्या.
एकदा मात्र फळा पुसता पुसता म्हणाल्या,
दात काढून येताना सुरामीची नाझुकी मिळाली
तर एक माझ्यासाठी आण, मनुके जास्त असलेली.

आमची मॉस्कविच उकडलेल्या वाटाण्याच्या रंगाची,
माझ्या बाजूचं दार दोरीने बांधलेलं.
कुताइसी मागे पडलं
की महामार्गाच्या तोंडाशी आई थांबायची,
इंजिन चालू ठेवून
(बंद केलं तर पुन्हा लागेल याची खात्री नसे),
आणि विचारायची:
डावीकडे की उजवीकडे?

डावीकडे रिकोटीचा घाट.
उजवीकडे, पुष्कळ पुढे, समुद्र.

आठ वर्षांच्या पोरीला कुणी असं काही विचारत नाही.
काय जेवायचं ते सांगतात, कधी झोपायचं ते सांगतात,
वेण्या किती घट्ट, तेही तेच ठरवतात.
आणि इथे एक अख्खी बाई, एक अख्खी गाडी,
मागे हॉर्न वाजवणारा मालट्रक,
सगळे माझ्या तोंडाकडे बघत खोळंबलेले.

एकदा मी डावीकडे म्हणाले आणि लगेच, नाही, उजवीकडे.
आईने दोन्ही ऐकलं.
आधी घाट चढून सुरामीला गेलो,
रस्त्याकडेच्या भट्टीतली नाझुकी घेतली,
दालचिनीचा वास नाकात, मनुका जिभेला पोळणारी,
आणि तिथूनच गाडी फिरवली.
पोतीला पोचलो तेव्हा समुद्र कुठे दिसतच नव्हता.
गावात वीज नव्हती, आभाळात चंद्र नव्हता.
नुसता आवाज.
"हा घे तुझा समुद्र," आई म्हणाली,
जणू पिशवीतून काढून दिला.

एक लाट आली आणि तिची सपाता घेऊन गेली.
डाव्या पायातली.
आई हसायला लागली ती थांबेचना,
वाळूत बसली, कोट भिजला, तरी हसतच होती.
हे हसणं घरी नव्हतं आमच्या.
घरी ती थेंब मोजायची, गोळ्या मोजायची,
दिवे गेले की उरलेली मेणबत्ती
बोटाच्या पेरांनी मोजायची.

पेट्रोल तेवढं कधी मोजलं नाही तिने.
म्हणून सामत्रेदियापासून पुढे
आमिरान नावाच्या एका बुवाने
मक्याच्या ट्रॅक्टरमागे बांधून आम्हांला ओढत आणलं.
पहाट होत होती.
एका पायात सपाता घातलेली माझी आई
स्टिअरिंग धरून मोठ्या ऐटीत बसली होती,
जणू ट्रॅक्टर आम्हीच ढकलतोय.
व्हेनेरा बाईंची नाझुकी मात्र
मी झोपेत अर्धी खाल्ली होती.
उरलेली दिली. त्यांनी दाताबद्दल चौकशी केली नाही.

गेल्या मंगळवारी मी बँकेत फोन केला,
म्हटलं, आईचा दात काढायचाय.
तिला दात उरलेत कुठे, हे साहेबांना काय माहीत.

दोरी लागत नाही आता दाराला.
ती माझ्या जागेवर बसली, मी तिच्या,
डोळ्यांच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून
ती रस्त्याकडे अशी बघत होती
की हा कुणी नवाच केलाय.
महामार्गाच्या तोंडाशी मी थांबले.
डावीकडे की उजवीकडे, नाझिब्रोला?

मागे ट्रकने हॉर्न दिला.
आई कोटाची बटणं लावत राहिली,
वरपासून खालपर्यंत, एकेक.
ट्रकने पुन्हा दिला.

"ओरडू दे त्याला," ती म्हणाली.
"विचार करतेय मी."